हाकेचे धोंडे

कुरवंडी बेटावरच्या उभ्या धोंड्यांपैकी कुठल्याही एकापाशी जाऊन उभं राहिलं, तर दुसरा दिसत नाही. अनघाला सगळ्यात आधी खटकलं ते हेच.

पुरुषभर उंचीचे, न घडवलेले, जांभ्याच्या सड्यावर, त्या उघड्या खडकाळ माळावर रोवलेले ते काळे धोंडे लोखंडाच्याही आधीचे असावेत, असा तिच्या मार्गदर्शक बाईंचा अंदाज होता. अनघाचा प्रबंध त्यांच्यावरच होता. माणसं असे धोंडे उभारतात ते एकमेकांना दिसावेत म्हणून, एका वस्तीला दुसरी वस्ती कळावी म्हणून, असं ती शिकली होती. इथे मात्र एक धोंडा घळीत, एक टेकाडाच्या पाठीला, तर एक पार करवंदीच्या जाळीत. कुणी मुद्दाम लपवून ठेवल्यासारखे. नकाशावर तिने पेन्सिलीने ओढलेली प्रत्येक रेघ मध्येच कुठल्यातरी उंचवट्यावर आपटून मोडत होती.

"काय गो, आज तरी दिसलो काय एक धोंडो दुसऱ्याक?" संध्याकाळी बाबलकाका कुबल विचारायचे. बेटावर पाहुणा आला की त्याला धोंडे दाखवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या कुबलांच्या घराकडे. अनघा उतरली होती तीही त्यांच्याच पडवीत.

"नाही ना काका."

"दिसाचोच नाय. बस हय, सांगतंय."

काकांची सून जयू हसून म्हणाली, "बसा ताई. आता चहा थंड होईपर्यंत सुटका नाही."

पण काकांनी सांगायला सुरुवात केली तशी तीही हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवून ऐकायला बसली.

असे सांगतात की, फार पूर्वी बेटावर फक्त झोपड्या होत्या, आणि जो तो आपापल्या घळीत राहायचा. त्यांच्यात एक बाई होती. तिचं नाव आता कुणालाच ठाऊक नाही. गाव तिला हाकेची बाय म्हणतं. माघातल्या एका सकाळी ओहोटी बघून ती एकटीच समोरच्या खडकावर कालवं काढायला गेली. बेट आणि खडक यांच्यामध्ये दगडांची एक अरुंद मान आहे. ओहोटीला ती उघडी पडते, भरतीला बुडते. बायचं काम व्हायच्या आत धुकं उतरलं, इतकं दाट की तिला आपले पायसुद्धा दिसेनात. मान कुठल्या अंगाला आहे हे कळेना. पाणी चढायला लागलं, तशी तिने हाक मारली.

ती हाक म्हणे प्रत्येक झोपडीत ऐकू गेली. पण त्या काळी लोकांची समजूत अशी, की धुक्यातून हाक मारतं ते बुडालेलं माणूस, आणि त्याला जो ओ देतो तो त्याच्या मागे जातो. आयांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. बायचा सख्खा भाऊही ऐकत होता. आवाज बहिणीसारखाच होता, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. दुसरं कुणीतरी देईल ओ, असं म्हणत जो तो आपापल्या जागी दबून बसला.

"पाणी ढोपराएवढांच होता," काका म्हणाले. "कोणी एकान जरी ओ दिली आसती, तर त्या आवाजाच्या रोखान ती चलत इली आसती."

धुकं फाटलं तेव्हा खडकावर फक्त कालवांची पाटी होती.

भावाने एक शिळा ओढत आणली आणि आपण गप्प बसलो होतो नेमक्या त्या जागी रोवली. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण मग घराघराने तेच केलं. त्या दिवसापासून कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणूनच धोंडेही एकमेकांच्या नजरेआड, असे सांगतात. धोंडा रोवताना प्रत्येकाने शपथ घेतली की या बेटावर हाक आली की आधी ओ द्यायची. कोण हाक मारतंय, का मारतंय, ते मग.

"माझ्या लग्नात मला त्या खडकावर उभं करून हाक मारायला लावली होती," जयू म्हणाली. "सगळ्या बेटाने ओ दिली तेव्हा घरात घेतलं. तोवर पाहुणीच."

अनघाने सगळं नीट लिहून घेतलं. तिच्या आजीने तर तिला नेमकं उलटं बजावलं होतं: अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही, तिसऱ्यांदा आली तरच बघायचं. एवढं शिकूनही ते अंगातून गेलेलं नव्हतं. ताट पडलं तरी दचकणारी मुलगी ती. कथा छान आहे, तिला वाटलं, पण मार्गदर्शक बाईंना कथा चालणार नाही. त्यांना धोंड्यांची संगती हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला न सांगताच, ती खडकावर गेली. धोंड्यांच्या शिळा तिथूनच फोडल्या असाव्यात असा तिचा कयास होता. मान उघडी होती. कातळावरच्या फोडल्याच्या खुणा मोजण्यात ती इतकी रमली की धुकं कधी आलं ते तिला कळलंच नाही.

आणि त्या धुक्यातून हाक आली.

"गो ऽऽऽ!"

नाव नाही, गाव नाही. नुसती लांबलेली हाक. बाईची की पुरुषाची तेही कळेना. अनघाच्या हातातली टेप घरंगळत पाण्यात गेली. पुन्हा हाक आली, आणि तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. तिसरी हाक आलीच नाही.

बऱ्याच वेळाने ती भानावर आली, तेव्हा सँडलमध्ये पाणी शिरलं होतं. मानेच्या जागी पांढऱ्यात मिसळलेलं पांढरं पाणी. डावीकडे जायचं की उजवीकडे? तिला पोहता येत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. आणि मग तिला उमगलं. ती हाक घरचीच होती. आपण अंथरुणात नाही हे कुणीतरी पाहिलं असणार, वर धुकं, भरतीची वेळ. काकांनी किंवा जयूनेच हाक मारली असणार. इथून ओ गेली नाही. या बेटावर ओ आली नाही याचा अर्थ एकच: तिथे माणूस नाही. ते आता तिला दुसरीकडेच शोधत असणार, सड्यावर नाहीतर धक्क्यावर.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. जिने ओ दिली नाही तिने कुठल्या तोंडाने हाक मारायची?

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं.

"काका ऽऽऽ! जयूताई ऽऽऽ!"

आवाज धुक्यात मुरून गेला. ती पुन्हा ओरडली, आणि ओरडता ओरडता नकाशावरचा एकेक धोंडा तिच्या डोळ्यांसमोर आला: घळीतला, टेकाडामागचा, जाळीतला. दृष्टीच्या रेघा ओढत बसली होती ती. ते एकमेकांना बघायला उभे नव्हतेच. सगळे याच जागेकडे कान लावून होते, या एका खडकाकडे. ती आत्ता उभी होती तिथे.

पाणी गुडघ्याला टेकलं. बायला लागलं होतं तेवढंच. तिने डोळे मिटले, आजीचं बजावणं विसरली, बाईंना विसरली, आणि पोटातून, घसा फाटेस्तोवर हाक मारली.

आजही कुरवंडीवर समुद्राच्या अंगाने हाक आली, तर भाकर थापणारी पिठाच्या हातांनी धोंड्यापाशी धावते, जाळं विणणारा सुई टाकून उठतो, आणि आधी ओ देतो. हाक माणसाची असो वा वाऱ्याची.

अनघा कान देऊन उभी राहिली. लाटेचा चुबुक आवाज. मग काही नाही. आणि मग डाव्या अंगाने, खोलातून, म्हाताऱ्या, धापा टाकणाऱ्या घशातून आलं:

"ओ गो बाय, ओ ऽऽऽ!"