सगुणाला लागू न पडलेला उपदेश

फार जुनी गोष्ट आहे. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात गोधड्या शिवणारी एक बाई राहत होती. तिचं नाव सगुणा. तिचा टाका इतका बारीक आणि सारखा, की बाळंतिणी दूरदूरच्या वाड्यांवरून तिच्याकडे दुपटी न्यायला येत.

सगुणा स्वभावाने गोड होती, पण गावाला ती जरा विचित्र वाटायची. बाजारात गर्दी वाढली की ती अर्धी खरेदी टाकून घरी निघायची. दोन बायका एकदम बोलू लागल्या की तिला एकीचंही कळायचं नाही. लग्नाच्या पंगतीतून ती अशी गळून परतायची, जणू दिवसभर दळण दळलंय. मग मागच्या पडवीत एकटीच टाके घालत बसायची. हळूहळू डोकं शांत व्हायचं, तोंडावर हसू यायचं आणि ती पुन्हा कामाला लागायची.

तिची सासू म्हणायची, "एवढं काय होतं गं तुला? आम्ही नाही का माणसांत वावरत?"

"काय होतं ते मलाच सांगता येत नाही, आत्याबाई," सगुणा म्हणायची. खरंच तिला सांगता येत नसे.

एके वर्षी गावात एक उपदेशक आले. माणूस उंचापुरा, आवाज भरदार, नजर सरळ. लोक त्यांना खंबीरबुवा म्हणत. रोज संध्याकाळी ते देवळाच्या ओट्यावर बसायचे आणि सारा गाव समोर जमायचा.

"मनाचे लाड करू नका," बुवा सांगायचे. "पहाटे उठा. एकटं बसू नका, चार माणसांत मिसळा. आणि ज्याची भीती वाटते, तेच रोज करा. बघा, आयुष्य बदलतं की नाही!"

आणि बदललं की! दुपारपर्यंत लोळणारा तेली पहाटे घाणा जुंपू लागला. गिऱ्हाईक दिसलं की दाराआड लपणारा बुजरा शिंपी भर बाजारात उभा राहून हाका मारू लागला. ज्याच्या त्याच्या तोंडी बुवांचं नाव झालं.

सगुणालाही वाटलं, आपणही बदलावं. ती बुवांच्या पाया पडली आणि म्हणाली, "बुवा, मला गर्दी सोसत नाही, गोंगाट सोसत नाही. यातून बाहेर काढा."

बुवा मायेनं म्हणाले, "अगदी सोपं आहे, बाई. जे सोसत नाही, तेच रोज सोसायचं. सवय झाली की त्रास पळून जातो."

सगुणा कामचुकार नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून तिने सगळं मनापासून सुरू केलं. दिवसभराचे आवाज तिच्या डोक्यात घुमत राहायचे आणि तिला उशिरा झोप लागायची, तरी ती पहाटे उठू लागली. विहिरीवर बायकांची झुंबड असते, नेमकी तेव्हाच ती घागर घेऊन जाऊ लागली. भजनात झांजा वाजवणाऱ्यांच्या शेजारी बसू लागली. पडवीत एकटं बसणं तिने बंदच केलं.

पहिले काही दिवस तिला स्वतःचा अभिमान वाटला. बुवांनी तर सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

मग मात्र गाडं अडलं. तिने आमटीत दोनदा मीठ घातलं. चुलीवर दूध उतू गेलं, तरी ती समोर बसून नुसती बघत राहिली. जेवण जाईना. एके दिवशी तिच्या लहानग्या मुलीने, राहीने, तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर सगुणाचा हात उठला. त्या घरात पोरीला कधी कुणी बोट लावलं नव्हतं. राही रडायचंही विसरून आईकडे बघत राहिली.

सगुणा तशीच बुवांकडे गेली. "बुवा, माझा त्रास कमी होत नाही. वाढतोय."

बुवा हसले. "वाढतोय म्हणजे उपाय लागू पडतोय! जुनी खोड सुटताना मन धडपड करतं. तू कमी पडू नकोस. अजून जोर लाव."

सगुणाने अजून जोर लावला. पण तिचे टाके वाकडे पडू लागले, सुई बोटांत शिरू लागली. अर्धवट दुपटं मांडीवर घेऊन ती विचार करायची, "तेल्याला जमलं, शिंप्याला जमलं, मलाच जमत नाही. म्हणजे खोट माझ्यातच आहे." हा विचार तिच्या मनात असा घट्ट बसला, की बाकी काही तिला सुचेनासं झालं.

अशातच गावदेवीची जत्रा आली.

राही बरीचशी आईवर गेली होती. भांडं जोरात पडलं की कानांवर हात ठेवायची. पाहुणे आले की आईच्या पदराआड जायची. सासूबाईंनी बुवांना गाठलं. "नातही तिच्या आईसारखीच निघालीय. हिलाही तुम्हीच सरळ करा."

"जत्रेत आणा तिला," बुवा म्हणाले. "ढोलाशेजारी उभी करू. लहानपणीच भीती मोडली की जन्माचं काम होतं."

सगुणाने होकार दिला. तिला वाटलं, "मला हे उशिरा मिळालं. पोरीला तरी वेळेवर मिळू दे."

जत्रेच्या दिवशी देवळापुढे ढोलकऱ्यांनी फेर धरला. बुवांनी राहीचा हात धरून तिला अगदी मोठ्या ढोलाजवळ नेलं आणि म्हणाले, "घाबरायचं नाही. कानांवर हात न्यायचा नाही. शहाणी मुलगी ना तू?"

राहीने मान हलवली. टिपरू ढोलावर पडलं. जमीन हादरली. माणसं बघत होती.

राही रडली नाही. कानांवर हातही नेले नाहीत.

"बघा, बघा!" कुणीतरी ओरडलं. "पोरगी धीट झाली!" बुवांचा चेहरा आनंदाने फुलला. सासूबाईंनी हात जोडले.

सगुणा मात्र राहीकडे बघत होती. पोरीच्या मुठीत परकराचा चोळामोळा झाला होता. ओठ पांढरे पडले होते. डोळे उघडे होते, पण ते काही बघत नव्हते. धिटाई असली तर डोळ्यांत दिसते, आणि त्या डोळ्यांत काहीच नव्हतं. सगुणाला ते डोळे ओळखीचे वाटले. रोज भजनात झांजांच्या शेजारी ती स्वतः अशीच तर बसायची. बाहेरून शांत आणि आतून कुठेच नसलेली.

ती गर्दीतून वाट काढत धावली आणि तिने राहीला उचलून घेतलं.

"सगुणाबाई, थांब!" बुवा ओरडले. "आता नेलंस तर सगळं पाण्यात जाईल. एवढा वेळ सोसलंय तिने, अजून थोडंच उरलंय!"

सगुणा थांबली. बुवांचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. सारा गाव बघत होता. सासूबाई डोळे वटारून उभ्या होत्या.

तेवढ्यात खांद्यावरून अगदी बारीक आवाज आला, "आई, मी रडले नाही. मी चांगली आहे ना?"

मागे न बघता सगुणा चालू लागली, आणि घर येईपर्यंत थांबली नाही.

घरी सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. "साऱ्या गावासमोर बुवांचा अपमान! स्वतःला सुधारता येत नाही, निदान पोरीला तरी सुधारू द्यायचंस!" राहीला कुशीत घेऊन सगुणा पडवीत बसून राहिली. तिचा नवरा दौलत मुळातच कमी बोलायचा. त्याने घरातली सगळ्यात जाड गोधडी काढली आणि रस्त्याकडच्या दारावर आतून टांगली. ढोलांचा आवाज निम्मा झाला. मग तो दोघींसाठी पाणी घेऊन आला आणि शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंबीरबुवा घरी आले. रागावूनच आले होते. पण अंगणात पाय ठेवला आणि ते थबकले. काल लाकडासारखी उभी असलेली पोर पायरीवर बसून चिंध्यांची बाहुली शिवत होती आणि बाहुलीला मोठमोठ्याने गोष्ट सांगत होती. गोष्टीतला वाघ इतका बावळट होता, की बुवांना हसू आलं. तेवढ्यात राहीने वर पाहिलं. बुवा दिसताच तिचा आवाज बंद झाला आणि हात परकराकडे गेला.

बुवा तिथेच उभे राहिले. आजवर त्यांना पाहून कुणी असं गप्प झालेलं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

सगुणा बाहेर आली. तिने पाट मांडला. बुवा बसले, पण मनाशी जुळवून आणलेलं रागाचं बोलणं काही त्यांना सुरू करता येईना. शेवटी ते म्हणाले, "बाई, मी काही वाईट करायला निघालो नव्हतो. लहानपणी मी पाण्याला इतका घाबरायचो, की गुडघाभर पाण्यातही उतरत नसे. मग एक दिवस डोळे मिटून नदीत उडी मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली. अशी रोज मारत गेलो आणि भीती मेली. तेव्हापासून मी जगाला हेच सांगत आलोय."

सगुणाने थोडा विचार केला आणि विचारलं, "बुवा, तुमची भीती रोज थोडीथोडी कमी व्हायची का?"

"हो. रोज थोडी कमी."

"माझं रोज थोडं वाढतं," सगुणा म्हणाली. "तुम्हाला पाण्याची भीती होती. पाणी तुम्हाला टोचत नव्हतं. मला आवाजाची भीती नाही, बुवा. मला आवाज लागतो, मुका मार लागावा तसा. मार लागलेल्या जागी रोज मारलं, तर सवय कशी होणार?"

आजवर कुणी उपाय चालला नाही म्हणालं, की बुवा अजून जोर लावायला सांगत. ज्यांना जमलं ते येऊन पाया पडत. ज्यांना जमलं नाही ते पुन्हा येत नसत. ती माणसं कुठे गेली असतील, हे आज पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं.

"मग तुझा त्रास कशाने कमी होतो?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न सगुणाला आजवर कुणी विचारला नव्हता. तिला जरा आठवावंच लागलं. "बाजारात लवकर गेलं, दुकानं मांडत असतात तेव्हा, तर सगळं नीट होतं. एका वेळी एकाच माणसाशी बोललं की चांगलं वाटतं. माणसांतून आल्यावर घटकाभर पडवीत बसलं, टाके घातले, की पुन्हा माणसांत जावंसं वाटतं."

"म्हणजे हे तू आधीपासूनच करत होतीस?"

"हो," सगुणा म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी."

बुवांना ते लागलं. पण माणूस सच्चा होता, त्यांनी ते मनात दाबून ठेवलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी गावाला सांगितलं, "मी जो रस्ता सांगितला तो खोटा नाही. पण तो मी माझ्या पायांनी चाललो होतो. दुसऱ्याचे पाय कसे आहेत, हे मी पाहिलंच नाही. सगुणा कमी पडली नाही. विचारायला मी कमी पडलो."

लोकांत कुजबुज झाली. तेली उठून म्हणाला, "पण बुवा, मला तर फायदा झाला!"

"झालाच," बुवा म्हणाले. "तू उद्याही पहाटेच ऊठ."

सगळा गाव काही एका दिवसात बदलला नाही. काही बायका सगुणाला लाडावलेली म्हणत राहिल्या. तिचा हातही लगेच जागेवर आला नाही. कितीतरी दिवस टाके वाकडे पडत होते आणि ती ते उसवून पुन्हा घालत होती. पण खोट आपल्यात आहे, हा विचार गेला होता. तो गेल्यावर घास गोड लागू लागला, मग झोप आली, आणि मग बोटांना त्यांचं काम हळूहळू आठवलं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारी लग्न होतं. मांडव माणसांनी फुलला होता. सगुणा बायकांत बसून हसत बोलत होती. एवढ्यात राही आली, आईचा पदर ओढून म्हणाली, "आई, मला आता पुरे झालं."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, की आवाजात अपराधीपणा नव्हता. तहान लागली असं सांगावं, तसं तिने सांगितलं.

सगुणा उठली आणि मुलीचा हात धरून घराकडे निघाली. मागे कुणीतरी सासूबाईंना विचारलं, "का हो, सून आणि नात एवढ्या लवकर का निघाल्या?"

सासूबाई हातातला विडा दुमडत म्हणाल्या, "पोरीला पुरे झालं. पुरे झाल्यावर बसून काय करायचं?" आणि त्यांनी विडा तोंडात टाकला.

तात्पर्य: एकाला उभं करणारा सल्ला दुसऱ्याला आडवंही करू शकतो. सल्ला लागू पडला नाही, तर "अजून जोर लाव" म्हणण्याआधी "तुला नेमकं काय होतंय?" हे विचारावं, आणि जे उत्तर येईल ते खरं मानावं.