हाकेला ओ, दाराला कडी

एका तालुक्याच्या गावी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गुणवंत नावाचा एक अभियंता होता. वीस कोसांवर डोंगरात एक धरण होतं. गुणवंत कचेरीतल्या आपल्या कॉम्प्युटरवरून धरणावरच्या सर्व्हरमध्ये लॉगिन करायचा आणि तिथले दरवाजे उघडायचा. माणसाचं बोट इथे हलावं आणि लोखंडी दरवाजे तिथे वर जावेत, हे नवल पाहायला शाळेतली मुलं येत.

एका सकाळी डोंगरात फार पाऊस झाला. धरण भरत आलं. पाणी थोडं थोडं सोडलं तर नदी पात्रात राहणार होती, नाहीतर ते भिंतीवरून उसळून खालच्या दोन वाड्यांत शिरणार होतं. रस्त्यावर दरड कोसळलेली, त्यामुळे धरणावर माणूस पोचणं शक्य नव्हतं.

गुणवंतानं लॉगिन केलं. सर्व्हरनं नकार दिला. पुन्हा केलं, पुन्हा नकार. सर्व्हर बंद पडला म्हणावं, तर 'आहेस का?' असा संदेश पाठवून नुसती हाक मारली की तो लगेच ओ देत होता. मग गुणवंतानं नेटवर्कला नावं ठेवली, केबल बदलली, दोघातिघांना फोनवर झाडलं आणि मधूनमधून पासवर्ड ठोकत राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

कचेरीतल्या जुन्या ऑपरेटर अंबूताई म्हणाल्या, "साहेब, तो ओ देतोय म्हणजे वाट मोकळी आहे. दार कुणी लावलं ते बघू."

सर्व्हरवर काय काय घडलं त्याचा लॉग अंबूताईंच्या कॉम्प्युटरवर येत असे. लॉगिन मात्र तिथून होत नसे. त्यांनी लॉग वाचून दाखवला, "पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला. म्हणून अर्धा तास प्रवेश बंद. मध्ये कुणी पुन्हा ठोठावलं, तर अर्धा तास नव्यानं सुरू."

"असला नियम कुणी घातला?" गुणवंतानं चिडून विचारलं.

"तुम्हीच, साहेब. चोर शिरू नये म्हणून."

गुणवंताला आता आठवलं. परवाच त्यानं पासवर्ड बदलला होता, आणि घाबरलेली बोटं सवयीनं जुनाच टाइप करत होती. डोंगरातलं ते यंत्र मालकाचा हुकूम खुद्द मालकावरही चालवत होतं. इतका इमानी पहारेकरी गुणवंतानं जन्मात पाहिला नव्हता.

आता काहीच करायचं नव्हतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. लॉगमध्ये पाण्याची पातळी चढत होती. गुणवंतानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि अर्धा तास तो तसाच बसून राहिला. मग एकेक अक्षर वाचत त्यानं नवा पासवर्ड टाकला. सर्व्हरनं त्याला आत घेतलं. पाणी भिंतीच्या माथ्यापासून वीतभर खाली असताना दरवाजे वर गेले, आणि दोन्ही वाड्या वाचल्या.

गुणवंतानं आधी यंत्राला हात जोडले, मग अंबूताईंना.

तात्पर्य: हाकेला ओ मिळते आणि तरी दार उघडत नाही, तेव्हा ठोठावणं थांबवून आधी आपलीच चूक शोधावी.