सापसुरळीचं ऊन

एक होतं रान. रानात होता दगड. दगडाखाली राहायची पिटुकली सापसुरळी.

रोज सकाळी पानांतून ऊन उतरायचं. भाकरीएवढं. पिवळं पिवळं. सापसुरळी त्यात पोट टेकायची. अंगाला ऊब यायची, मग कुठं पाय चालायचे.

एकदा काय झालं? सकाळ झाली. धुकं विरलं. पण ऊन आलंच नाही! वर बघते तर ऐनाचं झाड. वाढून वाढून फांदीत फांदी, पानात पान.

"ऐनदादा, ऐनदादा, जरा हल की!"

"कसा हलू गो बाय? फांद्यांचं केवढं ओझं! लखमा कोयता उचलेल, तर मी हलेन."

सापसुरळी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

लखमा लाकूडतोड्या कोयता उशाला घेऊन पडला होता.

"लखमाकाका, लखमाकाका!
ऐन काही हलेना,
माझं ऊन मला मिळेना!"

"छाटेन गो. पण लाकडं नेणार कोण? बैल गाडी ओढेल, तर मी कोयता उचलेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

चांद्या बैल रवंथ करत होता. कपाळावर पांढरा चांद.

"चांद्यादादा, चांद्यादादा!
लखमा कोयता उचलेना,
ऐन काही हलेना,
माझं ऊन मला मिळेना!"

"ओढेन. पण नेऊ कुठं? आवा पेटेल, तर मी गाडी ओढेन."

सुळुक... सुळुक... पाय गारठले.

आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. गारेगार. गाढ झोपलेली.

"आवाबाबा, आवाबाबा!
बैल गाडी ओढेना,
लखमा कोयता उचलेना,
ऐन काही हलेना,
माझं ऊन मला मिळेना!"

"पोटात एक मडकं नाही. भाजू काय, वारा? बाबल चाक फिरवेल, तर मी पेटेन."

सुळुक... सुळुक... शेपटी गारठली.

बाबल कुंभार नुसताच बसला होता.

"बाबलआजा, बाबलआजा!
आवा काही पेटेना,
बैल गाडी ओढेना,
लखमा कोयता उचलेना,
ऐन काही हलेना,
माझं ऊन मला मिळेना!"

"संक्रांत आली. पण सुगडं मागतंय कोण? इवली इवली मडकी करून डोक्यावर ठेवू? सुगंधाकाकू मागेल, तर मी चाक फिरवेन."

सुळु...क. सुळु...क.

अंगणात सुगंधाकाकू तीळ निवडत होती.

"काकू गो, काकू!
बाबल चाक फिरवेना,
आवा काही पेटेना,
बैल गाडी ओढेना,
लखमा कोयता उचलेना,
ऐन काही हलेना,
माझं ऊन मला मिळेना!"

काकू खुदकन हसली. "अगो बाय! मला वाटलं, बाबल यंदा सुगडं करत नाही. म्हणून मी गप्प. आणि मी मागत नाही, म्हणून तो शहाणा गप्प!"

काकूनं कुंपणावरून हाक मारली, "बाबलभावोजी, पाच सुगडं हवीत हो!"

शेजारीण ओरडली, "मला पण पाच!"

पलीकडची ओरडली, "मला पण, मला पण!"

बाबलनं चाक फिरवलं. घर्र घर्र.

आवा जागा झाला. "आणा लाकडं, मी पेटतो!"

काकूनं सापसुरळीला गाडीत बसवलं. चांद्यानं गाडी ओढली. खुळखुळ खुळखुळ.

लखमानं कोयता उचलला. खच् खच्. "बुंध्याला हात नाही हं लावायचा! यंदा हा ऐन, पुढल्या साली पलीकडचा."

ऐन हलका झाला. हलला, डुलला, झुलला.

आणि टप्पकन ऊन पडलं दगडावर!

सापसुरळी त्यात पसरली. पोट गरम. पाय गरम. शेपटी गरम. डोळे हळूहळू मिटले. लांब आव्याचा निळा धूर वर वर गेला, ढगाच्या कुशीत निजला.

ऊन रानात, धूर आभाळात, गोष्ट माझ्या बाळाच्या कानात.