इंजिनाचं खाणारं यंत्र

कुरुंदगडच्या राजेसाहेबांच्या मोटारीला मार्तंड मिस्त्रीने विलायती सुपरचार्जर बसवला. इंजिनात जादा हवा कोंबणारं ते यंत्र लागलं आणि घाटात धापा टाकणारी मोटार शिट्टी वाजवत चढू लागली. पुढे थोड्याच दिवसांत मार्तंड तापाने गेला.

दिवाणसाहेबांच्या डोक्यात ती शिट्टी जायची. मार्तंडचं सुतक फिटतंय तोच ते मोटारीपाशी येऊन राजेसाहेबांना म्हणाले, "सरकार, हे यंत्र इंजिनाच्याच ताकदीवर फिरतं. फुकट खाणारं बांडगूळ आहे. काढून भंगारात टाकावं."

मार्तंडचा धाकटा भाऊ येसू शेजारीच पाना घेऊन उभा होता. थोरल्याच्या हातचं ते यंत्र तेवढंच मागे उरलं होतं. त्याचे डोळे भरून आले, पण जीभ कुठली थांबतेय!

"खरंय, इंजिनाचंच खातं ते," तो म्हणाला. "पण दादा सांगायचा, दहा घोड्यांची ताकद खातं आणि चाळीस घोड्यांची परत देतं. दिवाणसाहेबही रयतेचंच खातात, सरकार. ते किती परत देतात तेही बघा, आणि ज्याचं कमी भरेल त्याला आधी उतरवा!"

भोवतीच्या मानकऱ्यांनी माना खाली घालून हसू दाबलं. राजेसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"बोला दिवाणजी, मोजायला कोणापासून सुरुवात करू?"

दिवाणसाहेबांनी घाईघाईने पगडी सावरली.

"मी काय म्हणतो सरकार, यंत्र राहू द्यावं. पोराचा भाऊ गेलाय, त्याला कशाला दुखवायचं?"