जिभेखालची गारगोटी

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हा, एका उंच कड्यावर एक घर होतं. त्या घराची एक रीत होती. लहानांनो, ऐका, मोठ्यांनी जरा जास्तच ऐका. परमुलखातली सून आली, की सासू उंबरठ्यावरच तिच्या जिभेखाली एक गारगोटी ठेवी.

"आमची बोली नीट आली, की काढू," असं सांगे.

तोंडात दगड धरून बोली शिकायची कशी, हे विचारायलाही तोंड मोकळं लागतं!

एकदा समुद्राकाठची मुलगी त्या घरात सून म्हणून आली. गारगोटी तिच्याही वाट्याला आली. कितीतरी तोंडांतून फिरून ती गुळगुळीत झाली होती. शेजारणी म्हणत, "काय गुणाची सून! तोंडातून शब्द नाही." नवऱ्याच्या तोंडात तर दगड नव्हता. तरी तोही काही बोलला नाही.

एके दिवशी सासू-सून गवत कापायला गेल्या. सासू गवताचा भारा ओढत पाठमोरी मागे मागे सरकत होती. मागे कडा तुटलेला. सुनेनं हाक मारली, पण दगडामुळे नुसती घरघर निघाली. सासूला ती ऐकूही गेली नाही.

तेव्हा सुनेनं गारगोटी थुंकली आणि आपल्या समुद्राकाठच्या बोलीत ओरडली, "थांबा!"

सासू जागच्या जागी थांबली. तिच्या टाचेखालचे खडे दरीत गडगडत गेले.

सावरल्यावर ती पहिलं काय म्हणाली असेल?

"गारगोटी कुठंय?"

सुनेनं ती पायाखाली दाबून धरली. "जीव वाचला तुमचा, आणि दगड शोधताय? आणि सासूबाई, मी तर माझ्या बोलीत ओरडले. तुम्हाला कळलं कसं?"

सासू गवताच्या भाऱ्यावर टेकली. "मीही किनाऱ्याचीच, पोरी. माझ्याही जिभेखाली हीच होती. पूर्वी कधीतरी शत्रू चालून आला. घरचे गुहेत लपले. परमुलखातली सून बोलली तर माग लागेल, म्हणून तिच्या तोंडात हा दगड घातला. तेव्हापासून चालत आलंय."

"आणि तो शत्रू?"

"कधीच मेला. त्याचे पणतू आपल्याकडे मीठ विकायला येतात."

"त्यांना तुम्ही ताक पाजता, आणि दगड मला?"

"मग मला कुणी सोडलं? मी सोसलंच ना!"

"म्हणजे चव ठाऊक होती तुम्हाला. तरी माझ्या तोंडात घातलात?"

सासू पुटपुटली, "माझी आई निजवताना एक गाणं म्हणायची. सुरुवातच तेवढी आठवते. पुढचं गेलं." आणि तिनं अडखळत ती सुरुवात म्हटली.

सुनेचा राग गेला नव्हता. पण गाणं तिला येत होतं. तिनं पुढचं म्हटलं.

काही वर्षांनी धाकटी सून आली, तीही परमुलखातली. सासूनं उंबरठ्यावर तिच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "बोल बाई, तुमच्याकडे आईला काय म्हणतात?"

गारगोटी तेव्हा डुगडुगत्या रांजणाखाली होती. जन्मात पहिल्यांदाच ती कुणाच्या उपयोगी पडत होती.

म्हणून सांगते, आपण सोसलेलं दुःख जो रीत म्हणून पुढच्याच्या तोंडात कोंबतो, तो मेलेल्या शत्रूचंच काम पुढे चालवतो.