रावबाचा होकार

डोंगरपायथ्याच्या एका गावात भिवराबाई नावाची खमकी बाई राहत होती. नवरा दारूपायी गेला, तेव्हापासून तिने आपलं घर दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. ते तिथंच राहत, संध्याकाळी सगळे घोंगडीवर बसत आणि मनातलं बोलून मोकळे होत. तिथलं बोलणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, असा त्या घराचा दंडक.

एकदा गावातले धनवान व्यापारी मलकाप्पाशेठ घोंगडीवर येऊन बसले. बाईनेच बसवलं, तेवढं चुकलंच तिचं. त्या संध्याकाळी रावबा पाथरवटाने रडत रडत सांगितलं, की दारूच्या भरात त्याने पोटच्या लेकीच्या हातावर हातोडा घातला होता.

सकाळी शेठजी म्हणाले, "भिवराबाई, छप्पर गळतंय तुमचं. कौलं मी घालून देतो. फक्त जत्रेत या रावबाला माझ्या मांडवात उभा करा. हीच गोष्ट सांगू दे. लोकांना कळेल, मलकाप्पा कुणाकुणाला माणसात आणतो!"

पावसाळा तोंडावर होता. बाईचं मन डळमळलं. तिने रावबाला विचारलं, "सांगशील का रे चारचौघांत?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाई."

झालं! बाईला वाटलं, गडी राजी आहे.

दुपारी तिने आमटी वाढली. "कशी झालीय?"

"झकास, बाई."

बाईने स्वतः घास घेतला, तर आमटीत मिठाचा कण नाही.

"मेल्या, ही आळणी आमटी झकास? जीभ गहाण ठेवलीस का?"

रावबा मान खाली घालून म्हणाला, "नावं ठेवली आणि तुम्ही घालवून दिलंत, तर जाऊ कुठं? वाटेत दारूचा गुत्ता आहे."

बाईचा घास हातातच राहिला. सकाळचा होकारही तसलाच होता तर!

ती तडक शेठजींकडे गेली. "रावबा मांडवात येणार नाही. आणि घोंगडीवरचं बाहेर बोललात, तर गाठ माझ्याशी आहे."

"अहो, त्यानं हो म्हटलंय!"

"माझ्या दारी आसऱ्याला आलेला माणूस मला नाही कसं म्हणेल?"

"मग भिजा पावसात!"

"भिजू की!"

घरी येऊन तिने रावबाला बजावलं, "मला नाही म्हटलंस, तरी तुझी भाकर आणि जागा कुठं जात नाही."

कौलं आली नाहीत. पाऊस मात्र आला. गळका कोपरा दाखवत बाई म्हणाली, "रावबा, आज तू तिकडं झोप."

रावबा जरा घुटमळला. मग म्हणाला, "नाही, बाई. काल मीच भिजलोय. आज दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

बाई खळखळून हसली आणि आपलंच अंथरूण उचलून त्या कोपऱ्यात गेली.

तात्पर्य: ज्याला नाही म्हणायची भीती वाटते, त्याचा होकार खरा धरू नये, आणि काम कितीही चांगलं असलं, तरी त्यासाठी आसऱ्याला आलेल्याचं दुःख चव्हाट्यावर मांडू नये.