वाटी आणि चिमटा

फार फार वर्षांपूर्वी एका नगरावर परक्या फौजेने तीन वर्षं अंमल गाजवला. हाती शस्त्र नसलेली कितीतरी माणसं मारली गेली. फौज गेल्यावर लोकांनी वेशीपाशी एक भिंत बांधली आणि मेलेल्या प्रत्येकाच्या हातातली एकेक वस्तू तिच्यात चुन्याने बसवली. येताजाता लोक त्या वस्तूंना तेलाचं बोट लावत.

भिंतीत एका लोहाराचा चिमटा होता. फौजेसाठी बेड्या घडवायला नकार दिला, म्हणून त्याला भट्टीसमोरच मारलं होतं. शेजारी एका सुईणीची पितळी वाटी होती. निम्मं नगर तिच्या हातांवर जन्मलेलं. वाटी सोन्यासारखी झळके, चिमटा काळा तो काळाच.

लोहाराचा धाकटा भाऊ रोज ते बघे आणि जळे. "सगळ्यांची माया तिच्यावरच! माझा दादा काय वाटेवर पडला होता?" स्वतः तो तेल लावत नसे. नगराने लावावं, हा त्याचा हट्ट.

एके दुपारी रस्ता ओस पडलेला पाहून त्याने छिन्नीने वाटी उपटली आणि भट्टीच्या राखेत पुरली. आता सगळे दादापाशी थांबतील, असं त्याला वाटलं.

पण ते भगदाड लोकांना बघवेना. माना खाली घालून ते पुढे जाऊ लागले. कितीतरी पावसाळे आले, गेले. एक दिवस धाकट्याने चिमट्याला हात लावला, तर गंजलेली एक पात तुटून त्याच्या हातात आली.

तो तिथेच हंबरडा फोडून रडला. सुईणीची मुलगी धावत आली.

"ताई, तुझ्या आईची वाटी मीच काढली," तो म्हणाला. "माझ्या दादाला कोणी तेल लावत नव्हतं गं!"

"लोहाराच्या घरचा ना तू? लोखंड कधी पितळेसारखं चमकतं का रे, वेड्या?" तिचा आवाज चिरकला. "आईला लावून हाताला उरलेलं तेल लोक तुझ्या दादाला पुसायचे. म्हणून तर इतकी वर्षं गंज नव्हता चढला!"

धाकट्याने वाटी आणून परत बसवली. लोक पुन्हा थांबू लागले. चिमटा मात्र एकाच पातीचा राहिला.

दुसऱ्याच्या माणसाची आठवण पुसली, की आपल्या माणसाची आठवणही पुसली जाते.